नानकटाई आणि मागाचं तेल

माझी थोरली मावशी बार्शीहून आमच्याकडे यायची तेव्हा तिच्या पिशवीत तिचा स्वतःचा डबा असायचा. सोबत पाण्याची बाटलीसुद्धा. सोलापुरात तिचा डोळ्यांचा डॉक्टर होता. दवाखाना सकाळी उरकायचा आणि बार्शीची सोयीची एसटी दुपार कलल्यावर, म्हणून मधला वेळ ती धाकट्या बहिणीकडे, म्हणजे माझ्या आईकडे काढायची. आईची आदल्या दिवसापासून धांदल. गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, शिजायची, शेंगांची चटणी ताजी कुटली जायची, भाकरीचं पीठ मुद्दाम त्याच दिवशी दळून आणलं जायचं. मावशी यायची, पाय धुवायची, आईच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायची, माझी वेणी सोडून पुन्हा घट्ट घालायची, आणि पानं मांडायची वेळ झाली की बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायची नि आपला डबा उघडायची. चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी. "मला पथ्य हाय की गं," ती म्हणायची. ते पथ्य भलतंच लवचिक होतं. एकदा तिखट बंद असायचं, एकदा गोड. एकदा ज्वारी वातूळ म्हणून चालायची नाही, तर पुढच्या खेपेला गहू जड म्हणून. आईने एकदा हट्टाने नुसता ताकभात केला, तर त्या दिवशी नेमकं ताकाचंच पथ्य निघालं.

मावशी गेली की आमच्याकडे भांडी आपटायला सुरुवात व्हायची. "पथ्य म्हणं पथ्य! आडत्याची बायको हाय ती. जॉबरच्या घरचा घास कसा उतरंल तिच्या घशाखाली?" अण्णा, म्हणजे माझे वडील, शांतपणे म्हणायचे, "आगं, डोळ्याची औषधं असत्यात. असंल पथ्य." त्यावर आई, "डोळ्याच्या औषधाला ताकाचं पथ्य? मग काय ताक डोळ्यात घालतीय का ती?"  अण्णा मावशीसाठी केलेली हुग्गी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, आणि त्यामुळे आई जास्तच चिडायची.

जॉबर म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने, आणि कारखान्यात मागांच्या रांगा. माग चालवतो तो कामगार, आणि माग बिघडला की त्याच्या पोटात हात घालून त्याला पुन्हा चालता करतो तो जॉबर. अण्णांना मागाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं कळायचं. कारखान्याच्या मागेच आमच्या दोन खोल्या. दिवसभर खटकखट, खटकखट. वीज गेली की आवाज बंद व्हायचा आणि त्या शांततेने गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. घरात सगळीकडे टॉवेल. विणताना डाग पडलेला, काठ चुकलेला माल कारखान्यातून मिळायचा, त्यामुळे आमच्या टीव्हीवर टॉवेल, मिक्सरवर टॉवेल, पिठाच्या डब्यावर टॉवेल, देवाच्या पाटावरही टॉवेलच. अण्णा घरी यायचे ते केसांत सुताचे पांढरे तंतू घेऊन, आणि शर्टाच्या खिशात लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन.

त्या कुपीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अण्णांचा जगण्याचा एकच नियम होता: फिरतंय त्याला तेल पाहिजे. मागाचं पातळ, पिवळसर तेल. ते त्यांनी सायकलला घातलं, शिलाईच्या मशीनला घातलं, छताच्या पंख्याला, दाराच्या बिजागरींना, माझ्या कंपासपेटीतल्या कर्कटकालाही घातलं आणि माझी भूमितीची वही पारदर्शक करून टाकली. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी त्यांचा कान पंख्याकडे. पंखा कुरकुरला की चहा बाजूला आणि हे स्टुलावर. आई ओशाळायची. यजमान मात्र खूश असायचे.

आता ओव्हन. तो आम्ही गड्ड्यातून घेतला. सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर जो बाजार भरतो त्याला आमच्याकडे गड्डा म्हणतात. पाळणे, मौत का कुआँ, आणि मध्ये घरगुती वस्तूंची दुकानं. तिथे एक माणूस माईकवर ओरडत होता आणि त्याच्यासमोर टेबलावर काचेच्या दाराची एक चौकोनी पेटी. आत दिवा, दिव्याखाली केक फुगत होता. आई तिथेच खिळली. मी पाळण्यात बसायला चला म्हणून तिच्या मागे लागून दमले, ती हलेना. "वहिनी, आत पंखा आहे," तो माणूस म्हणाला. "गरम हवा सगळीकडे सारखी फिरते. एक बाजू करपली, एक कच्ची राहिली, असं होणारच नाही. बिस्किटं, नानकटाई, काय हवं ते घरच्या घरी."

नानकटाई हा शब्द ऐकून आईने अण्णांकडे पाहिलं. पंखा हा शब्द ऐकून अण्णांनी पेटी उलटी करून मागून बघायला सुरुवात केली होती. खरेदी तिथेच झाली म्हणायची.

नानकटाईचं कारण असं. आमच्याकडे दिवाळीच्या आधी बायका मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायच्या आणि भट्टीत नानकटाई भाजून आणायच्या. रहमतचाचांच्या बेकरीबाहेर त्यासाठी डबे-पिशव्यांची रांग लागायची. वर्षातून एकदाच व्हायचं ते. आणि माझ्या आजोळी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, की मावशी नानकटाईपुढे हतबल आहे. लहानपणी या दोघी बहिणींनी मिळून माळ्यावरचा नानकटाईचा डबा रिकामा केला होता आणि तळाशी वाळू भरून झाकण लावलं होतं, म्हणजे उचलून बघणाऱ्याला वजन लागावं. "अक्का सगळ्याला न्हाय म्हणंल," आई त्या पेटीवर हात ठेवून म्हणाली, "पण माझ्या हातच्या गरम नानकटाईला कशी म्हणती बघू." आपल्या बहिणीने आपल्या घरात एक घास खावा, एवढ्यासाठी त्या बाईने लग्नानंतरची सगळी वर्षं घालवली होती. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. आता येत नाही, म्हणजे येतं, पण वेगळं येतं.

ओव्हन स्वस्तातला होता. किती स्वस्त, तर घरी आणेपर्यंत दाराची मूठ अण्णांच्या हातात आली. त्यांनी ती मागाच्या बोल्टाने अशी पक्की केली की पुढे ओव्हनचं दार निखळलं असतं पण मूठ निघाली नसती. आईने कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि शेजारच्या नरसम्माबाईंना बोलावून पहिला घाणा घातला. वेळेचं बटण टिकटिकायला लागलं, पंखा सुरू झाला आणि असा किरकिरला की नरसम्माबाईंनी "अय्यो!" म्हणून कानावर हात ठेवले. आई काचेला नाक लावून बसलेली. अण्णा मात्र डोळे मिटून ऐकत होते. पेटी अजून गरम असतानाच त्यांनी मागचा पत्रा उघडला, पंख्याच्या दांड्याला कुपीची चोच लावली, हाताने पंखा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "कोरडा दिलाय की गाढवानं. आता लोण्यावानी फिरंल." आणि फिरला. दुसऱ्या घाण्याला पंख्याचा आवाज नाही की काही नाही. 'टिंग' वाजलं आणि बाहेर आल्या त्या बदामी रंगाच्या, वर नाजूक भेगा पडलेल्या नानकटाया. आम्ही उभ्या-उभ्याच खाल्ल्या. नरसम्माबाई तोंडात घास असतानाच "चाला बागुंदी वदिना!" म्हणाल्या, म्हणजे फार छान झालीय वहिनी, आणि चार पदरात बांधून घेऊन गेल्या. त्या दिवसापासून दर रविवारी अण्णा ओव्हनला तेल घालायला लागले, जसं सायकलला घालायचे तसं.

मग मावशीच्या डोळ्यांची तारीख आली. आईने सकाळपासून ओव्हन असा पुसला होता जसा काही त्यालाच कोणी बघायला येणार होतं. मावशी पाय धुऊन, माझी वेणी घालून, सवयीने पिशवी घेऊन कट्ट्याकडे निघाली, तेवढ्यात आईने ओव्हन उघडला आणि गरम नानकटाई बशीत घालून तिच्यासमोर धरली. "आज पथ्य चालायचं न्हाय. घरात भाजलीया. तुझ्यासाठी आणलाय ह्यो ओव्हन, अक्का." मावशीने बशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. एक नानकटाई उचलली. तोंडाजवळ नेली. एक क्षण थांबली, मग डोळे मिटून घास घेतला.

माझ्या मावशीच्या नाकाबद्दल सांगायचं राहिलं. बार्शीच्या बाजारात तिच्या नवऱ्याची आडत होती, आणि ती आडत मावशीच्या नाकावर चालायची असं तिचा नवराच म्हणायचा. मूठभर तूर नाकाशी धरली की जुनी का नवी, पावसात भिजलेली का नाही, कीटकनाशकाच्या पोत्याशेजारी ठेवलेली का, सगळं ती सांगायची. असं नाक घेऊन ती आमच्या घरात आमच्या नानकटाईचा घास चावत होती. चावता चावता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं, लहानपण आठवलं. तिने विचारलं, "कशी झालीया?" मावशीने घास गिळला. उरलेली नानकटाई हळूच रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

"अक्का, ती कुटं निघाली?"

"एसटीत खाईन गं."

"हितं खा की. का? काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय तर खा. माझ्याम्होरं खा."

मावशी खोटं बोलण्यात तशी कच्ची होती. पथ्याच्या बाबतीतही तिने कधी नीट तयारी केलेली नसायची. तिने बशी बाजूला सरकवली आणि एकदाचं म्हणून टाकलं. "वास येतोय गं. मागाच्या तेलाचा. नानकटाईलाच न्हाय, तुमच्या घरातल्या सगळ्याला येतोय. भाकरीला येतोय, पाण्याला येतोय, ह्या पोरीच्या केसांना येतोय. मी तरी काय करू? माझ्या नाकाला कुटं ठेवू?"

 बाहेर माग चालूच होते. आईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हंजे एवढी वर्षं तू..."

"तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाय."

"आनि आता लई बरं वाटलं!" आई म्हणाली. "नाकानं कांदे सोलायला बरं जमतंय तुला. एवढा वास येतोय तर कशाला येतीस? स्टँडवर बसत जा की. तितं लई सुवास सुटलेला असतोय." मावशी उठली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवी उचलली आणि गेली. पुढच्या तारखेला ती आली नाही. त्याच्या पुढच्या तारखेलाही नाही.

इकडे घरात चौकशी बसली. वास कसला? कुठे आहे वास? आईने ओव्हनमध्ये डोकं घालून हुंगलं. काही नाही. तिने टॉवेल हुंगले, पिठाचा डबा हुंगला, शेवटी अण्णांना दारात उभं करून त्यांचा शर्ट हुंगला. "येतोय का?" अण्णांनी भीतभीत विचारलं. "माणसाचा येतोय," आई म्हणाली. मग तिने माझे केस हुंगले, मी तिचा पदर हुंगला, अण्णांनी स्वतःचे हात हुंगले. आम्ही तिघे एकमेकांभोवती नाक लावून फिरत होतो आणि आम्हाला खरंच, देवाशपथ, काही वास येत नव्हता. दुसऱ्या दिवशी आई नानकटाईची बशी घेऊन गल्लीत फिरली. "नीट हुंगून सांगा, तेलाचा वास येतोय का?" नरसम्माबाईंनी हुंगली, खाल्ली, दुसरी घेतली, आणि वास नसल्याचा निर्वाळा दिला. समोरच्या घरातल्या सगळ्यांनी दिला. सगळ्या गल्लीने दिला आणि बशी चाटूनपुसून परत केली. आई जिंकल्यासारखी घरी आली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि मलाही ते पटलं होतं. आता वाटतं, अख्ख्या गल्लीत मागावर काम न करणारं एकही घर नव्हतं, तर साक्षीदार आणायचा कुठून?

आईलाही ते आतून कुठेतरी खुपत असणार, कारण शेवटी ती बशी घेऊन रहमतचाचांच्या बेकरीत गेली. मी बरोबर होते. चाचा भट्टीसमोर बसले होते. त्यांनी नानकटाई हातात घेऊन फिरवून पाहिली, वाकून वास घेतला, थोडी खाल्ली आणि मान हलवली. "बनाई तो अच्छी है भाभी. लेकिन बास का मेरेकू नक्को पूछो."

"का बरं?"

"मेरेकू मेरे ब्रेड का बास बी नै आता. लोगां रस्ते पे से बोलते, चाचा क्या खुशबू है, क्या खुशबू है. मैं बोलता, कां है? बचपन से इधरीच बैठा ना मैं." आणि ते हसले. आई हसली नाही. घरी आल्यावर ती अण्णांना म्हणाली, "उद्यापासनं ओव्हनला तेल बंद."

अण्णांनी मान्य केलं. एवढंच नव्हे, त्यांनी पंखा सोडवून धुतला. पण धुतला रॉकेलने. त्यानंतरच्या घाण्याचा वास मात्र आम्हालाही आला, गल्लीलाही आला, आणि तो घाणा रस्त्यावरच्या कुत्र्यानेही सोडून दिला. मग आईने शिकेकाईने धुतला, चिंचेने घासला, आत कांद्याची सालं ठेवून रिकामाच चालवला. आणि इतकी अंघोळ घातलेला तो पंखा महिनाभरात असा किंचाळायला लागला की नानकटाई भाजायला लावली की नरसम्माबाई आपली कामं घेऊन गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायच्या. अण्णांचे तर हाल बघवत नव्हते. कोरडा पंखा किंचाळतोय, खिशात कुपी आहे, आणि हात बांधलेले. ते कानात कापूस घालून सायकलवरून कुठेतरी निघून जायचे. शेवटी आईच म्हणाली, "घाला बाई एकदाचं ते तेल. खाणारी तर येतच न्हाय." अण्णांनी तेल घातलं. आई दुसरीकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते ते मी पाहिलं.

त्यानंतर मी नर्सिंगच्या शिक्षणासाठी मिरजेला गेले. अंथरूण म्हणून आईने कारखान्यातली चादर दिली होती, काठ थोडा चुकलेली. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझी रूममेट, कोकणातली मुलगी, फार संकोचाने म्हणाली, "रागावू नकोस हां, पण तुझ्या चादरीला कसला गं वास येतो? मशीनसारखा?" मी चादर हुंगली. मला काही आला नाही. पण या वेळी मी गल्लीत साक्षीदार शोधायला गेले नाही. मला लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला, आणि मग मी चादर इतक्या वेळा धुतली की ती चादरीची ओढणी झाली.

दिवाळीला घरी आले. रिक्षातून उतरले, दारात पोचले आणि जागच्या जागी थांबले. घरात कुणीतरी तेलाचा डबा सांडलाय, असं मला वाटलं. तसं विचारायला तोंड उघडलंही होतं. आत आई ओट्यापाशी उभी, अण्णा टीव्हीवरचा टॉवेल झटकत होते, सगळं जिथल्या तिथे, काही सांडलेलं नव्हतं. तो वास घराचा होता. भिंतींना, पडद्यांना, देवांना. इतकी वर्षं मी त्यात होते आणि तो मला कधी भेटलाच नव्हता. आता भेटत होता, कारण आता मी बाहेरची झाले होते.  "दारात कशाला थांबलीस?" आई म्हणाली. "ये की. घाणा निघतोय."

'टिंग' झालं. आईने बशी पुढे केली. मी नानकटाई तोंडात टाकली. तूप, साखर, वेलची, आणि त्या सगळ्याच्या मागून हळूच, अक्कलकोट रोड एमआयडीसी. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "अजून एक दे." खोटं सांगत नाही, दुसरीला वास कमी आला आणि तिसरी तर मी मजेत खाल्ली.

मी तिसरी खात असताना दारात मावशी आली. भाचीला भेटायला आले, असं ती दाराच्या चौकटीला सांगितल्यासारखं म्हणाली. आई "बस" म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. बशी मध्ये चटईवरच होती. तिने ती पुढे केली नाही, उचललीही नाही. मावशी माझ्यामागे बसली, माझी वेणी सोडली आणि घालायला लागली. केसांवरून वाकून तिने अगदी हळू विचारलं, "तुलाबी यायला लागला न्हवं?"

मी मान हलवली.

"मग खातीस कशी?"

"पहिलीलाच येतोय मावशी. पुढं न्हाय येत."

तिचे हात माझ्या वेणीत थांबले.  मग तिने अर्धी वेणी तशीच सोडली आणि मोठ्याने, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "आण गं हिकडं ती बशी. पथ्य संपलं माझं."

आई वळली. अण्णा दारात होते, त्यांनी घाईघाईने कुपी पाठीमागे लपवली, जशी काही मावशीला ती हुंगून कळणारच नव्हती. मावशीने नानकटाई घेतली आणि डोळे मिटून अख्खी खाल्ली, औषध घ्यावं तशी. मग दुसरी घेतली. ती जरा सावकाश खाल्ली. आईचा हात पदराशी चाळा करत होता. मावशीने ओठांवरचा चुरा टिपला, थोडा विचार केला आणि म्हणाली, "तूप जरा जास्त झालंय."

मला वाटलं, झालं, पुन्हा भांडी आपटणार. पण आई ताडकन चटईवर येऊन बसली. "जास्त? कुटं जास्त झालंय? मापात घातलंय मी."

"माप चुकलंय तुझं. हातात धरली की ढासळतीय."

"खुसखुशीत हाय ती! नानकटाई हाय का वीट हाय?"

"मला नको शिकवू. वाळू भरायची अक्कल कुणाची होती?"

"आनि मार कुणी खाल्ला?"

तुपावरून त्या दोघी अशा जुंपल्या की बार्शीची एसटी निघून गेली तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मावशीचा डबा पिशवीतच राहिला. त्या दिवशी ती आमच्याकडे जेवली, आमचंच पाणी प्यायली, मुक्काम केला, आणि अंगावर घ्यायला आमचीच चादर मागितली. त्यानंतर कित्येक वर्षं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "अक्का म्हणाली तूप जास्त झालंय." ऐकणाऱ्याला वाटायचं ही तक्रार आहे. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं की कळायचं.

आता यातलं कोणी राहिलं नाही. अण्णा गेले, मग मावशी, मग आई. तो कारखानाही बंद आहे. ओव्हन मी घेऊन आले. आज माझ्या ओट्यावर आहे, बोल्टाच्या मुठीसकट, आणि वर टॉवेल. नर्स म्हणून मी आयुष्यभर लोकांना स्वच्छतेचे धडे दिले, पण हा ओव्हन मी कधी खरवडून धुतला नाही. आल्यावर पहिली काही वर्षं दार उघडलं की अण्णा कारखान्यातून आल्यासारखे वाटायचे. मग तो वास विरळ होत गेला. गेल्या पावसाळ्यात पंखा किरकिरायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, फेकून द्या, नवीन लई स्वस्त मिळतो." मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जाऊन, चार ठिकाणी विचारून, मागाच्या तेलाची बाटली आणली आणि पत्रा उघडून दांड्याला घातलं. त्या दिवशी घरभर वास आला. मी खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसून राहिले. पण आठवड्याभरात तो पुन्हा गेला. मी वाकून हुंगायची, दार उघडून हुंगायची, काही नाही. आणखी तेल घातलं. तरी नाही. मला वाटलं, संपलं ते आता.

माझी मुलगी पुण्याला शिकते. दिवाळीला आली. बॅग दारात ठेवली, आत पाऊल टाकलं आणि थांबली. नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागली.

"आई, घरात काय सांडलंय गं? कसला तरी वास येतोय. तेलाचा."

माझ्या हातात नानकटाईची बशी होती. ती तशीच धरून मी तिच्याकडे गेले.

"येतोय?" मी विचारलं. "लई येतोय का?"